बाष्पकाची नियंत्रक तार : पेण-रोहे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने गिरण्या, भांडवलदार, कामगार आणि संप यांच्याभोवती फिरत राहिले आहे. या लेखनात वाफेला स्थान आहे, परंतु ते एखाद्या पार्श्वभूमीसारखे. वाफ निर्माण करणारे बाष्पक म्हणजे व्यवहारातील बॉयलर. त्यातील पाणी, आच आणि दाब यांवर लक्ष ठेवणाऱ्या लहानशा यंत्रणेचा उल्लेख तर क्वचितच आढळतो. वस्तुतः आजच्या बाष्पकाची किंवा वसतिगृह, रुग्णालय, हॉटेल यांतील मोठ्या जलतापकाची सुरक्षितता पोलादाच्या जाडीइतकीच दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या नियंत्रक तारेवर अवलंबून असते. ही तार कोठून कोठे जोडली आहे, कोणत्या क्रमाने जोडली आहे आणि कोणी जोडली आहे, हा केवळ तंत्रज्ञाचा प्रश्न नाही. तो कायद्याच्या, श्रमविभागणीच्या आणि भाषेच्या इतिहासाचाही प्रश्न आहे.

पेण आणि रोहे यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर नागोठण्यानंतर आणि रोह्याच्या अगोदर निडी हे लहानसे स्थानक लागते. निडीच्या एका बाजूस नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल आणि दुसऱ्या बाजूस रोह्यालगतची धाटाव औद्योगिक वसाहत आहे. भातशेती आणि रसायन उद्योग यांच्या मधोमध असलेला हा टापू प्रस्तुत विषयाच्या अभ्यासासाठी सोयीचा आहे. तांब्याच्या बंबापासून वायूवर चालणाऱ्या स्वयंचलित बाष्पकापर्यंतचे पाणी तापविण्याचे सर्व टप्पे येथे अल्प काळात एकमेकांशेजारी आले.

लेखाची उद्दिष्टे

१) बाष्पकाच्या सुरक्षा-साधनांचा यांत्रिक टप्प्यापासून विद्युत टप्प्यापर्यंतचा प्रवास पाहणे. २) भारतातील बाष्पकविषयक कायद्याची जडणघडण आणि नियंत्रक तारजोडणीचे त्यातील स्थान तपासणे. ३) पेण-रोहे परिसरातील औद्योगिकीकरणाच्या संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे.

बंब ते बाष्पक

मराठी घरातील पाणी तापविण्याचे परंपरागत साधन म्हणजे न्हाणीघरातील चूल आणि तिच्यावरील तांब्याचा हंडा. त्यानंतर तांब्या-पितळेचा बंब आला. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी आणि वर धुराडे अशी त्याची रचना. कोकणात त्याला नारळाची सोडणे आणि करवंट्या सरपण म्हणून मुबलक मिळत. बंबाचे एक वैशिष्ट्य इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तो वरून मोकळा असे. पाणी उकळले तरी वाफेला वाट होती, म्हणून दाब साठत नसे. बंबाला सुरक्षा-साधनाची गरज नव्हती, कारण त्याची घडणच सुरक्षित होती.

बाष्पकात नेमकी हीच वाट बंद होते. बंद पात्रातील पाणी शंभर अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि तरीही पाणीच राहते. पात्र फाटले की दाब क्षणात नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा काही भाग एकदम वाफ बनतो. वातावरणीय दाबाला वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे सोळाशे पट असते. बाष्पकाचा स्फोट हा अशा प्रकारे ज्वलनाचा नसून साठलेल्या उष्णतेचा स्फोट असतो. म्हणूनच केवळ गरम पाणी देणारा जलतापकही, त्याचे नियंत्रण निकामी झाले आणि सुटका-झडप अडकली तर, तितकाच घातक ठरू शकतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात स्पेन्सर येथील स्टार प्राथमिक शाळेत १९ जानेवारी १९८२ रोजी जलतापकाचा स्फोट होऊन सहा मुले आणि एक शिक्षिका मृत्युमुखी पडली. ते यंत्र कारखान्यातील नव्हते. शाळेच्या उपाहारगृहासाठी पाणी तापविणारे होते.

यांत्रिक पहारा

दाब मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप उघडणारी झडप ही कल्पना सतराव्या शतकात देनी पापँ याने मांडली. १८०३ मध्ये इंग्लंडमधील ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या यंत्राचे बाष्पक फुटून मनुष्यहानी झाली. त्यानंतर त्याने वितळणाऱ्या शिशाच्या गुडदीचा उपाय योजला. पाणी कमी झाले की गुडदी उघडी पडते, शिसे वितळते आणि वाफ भट्टीत शिरून आच मंदावते. पुढे १८४९ मध्ये यूजेन बूर्दाँ याचा दाबमापक आला. काचनळीतून पाण्याची पातळी दिसू लागली आणि पाणी उतरल्यास शिटी वाजविणारे तरंगकही आले.

या साधनांचे दोन वर्ग पडतात. झडप आणि गुडदी स्वतः कृती करतात. काचनळी, मापक आणि शिटी केवळ माणसाला कळवितात. पुढील कृती माणसाने करावयाची असते. एकोणिसाव्या शतकातील बाष्पकगृहाची सारी व्यवस्था या दुसऱ्या वर्गावर, म्हणजे काचनळीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर, उभी होती. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली आणि त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांची धुराडी वाढत गेली. त्या प्रत्येक धुराड्याखाली असा एक पहारेकरी उभा होता.

कायद्याची जडणघडण

१८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाचा मोठा स्फोट होऊन प्राणहानी झाली. त्याचा परिणाम म्हणून १८६४ मध्ये बंगाल प्रांताने बाष्पकांच्या तपासणीचा कायदा केला. पुढे प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे झाले. त्यांच्यातील विसंगतीमुळे १९२० मध्ये बाष्पक कायदा समिती नेमण्यात आली आणि तिच्या अहवालानंतर भारतीय बाष्पक अधिनियम, १९२३ संमत झाला. तो १ जानेवारी १९२४ पासून अमलात आला. तांत्रिक तपशिलांसाठी १९५० ची भारतीय बाष्पक विनियमावली तयार झाली. अमेरिकेतही हाच क्रम दिसतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे मार्च १९०५ मध्ये पादत्राणांच्या कारखान्यातील बाष्पक फुटून ५८ जण मरण पावले. त्यानंतर राज्याचे नियम आणि पुढे यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बाष्पक संहिता तयार झाली. बाष्पकाचा कायदा सर्वत्र अपघाताच्या पाठोपाठ आला.

१९२३ च्या अधिनियमाचा गाभा लोखंडी युगाचा होता. पत्र्याची जाडी, जोडांची मजबुती, जलदाब चाचणी, झडपा आणि मापके हे त्याचे विषय. त्याच्या मूळ व्याख्येनुसार बाष्पक म्हणजे पाच गॅलनांहून अधिक धारणक्षमतेचे, मुद्दाम वाफ निर्माण करण्यासाठी वापरले जाणारे बंद पात्र. २००७ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २५ लिटर झाली. एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी दाबाची, तसेच पाणी शंभर अंशांखाली तापविणारी पात्रे व्याख्येबाहेर ठेवण्यात आली. २०२५ च्या नव्या बाष्पक अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली. त्याने किरकोळ अपराधांचे फौजदारी स्वरूप काढले, परंतु जीवितहानी घडवू शकणाऱ्या चार प्रमुख अपराधांची फौजदारी शिक्षा कायम ठेवली.

१९२३ च्या कायद्यातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. सुरक्षा-झडपेत फेरफार करून ती निकामी करणे हा त्यात स्वतंत्र अपराध मानला होता. झडपेवर वजन टांगून किंवा ती बांधून जास्त दाब घेण्याची प्रवृत्ती कायदेकर्त्यांना ठाऊक होती. मात्र विसाव्या शतकात झडपेच्या अगोदर एक नवा पहारेकरी येऊन उभा राहिला होता. त्याला निकामी करण्यासाठी वजनाची गरज नव्हती. बोटभर तारेचा तुकडा पुरेसा होता.

विद्युत पहारा

अमेरिकेत १८८३ मध्ये वॉरन जॉन्सन याने तापमानाची विद्युत सूचना देणारे उपकरण आणि १८८५ मध्ये आल्बर्ट बुट्झ याने भट्टीच्या हवेची झडप आपोआप हलविणारे नियंत्रक तयार केले. तेव्हापासून माणसाला कळविणाऱ्या साधनाचे रूपांतर स्वतः कृती करणाऱ्या साधनात होऊ लागले. तरंगकाला शिटीऐवजी स्विच जोडला गेला. भारतीय बाष्पकगृहांत पाण्याच्या पातळीवरील चुंबकीय तरंगक-स्विच आजही ‘मोब्रे’ या ब्रिटिश उत्पादनाच्या नावानेच ओळखला जातो. दाबमापकाशेजारी दाबस्विच आला. तेल आणि वायू जाळणाऱ्या बर्नरमुळे ज्योतीवर लक्ष ठेवणारा प्रकाशसंवेदी किंवा अतिनील किरण ओळखणारा ‘डोळा’ही आवश्यक झाला, कारण ज्योत विझूनही इंधन येत राहिले तर भट्टीतच स्फोट होतो.

या सर्व साधनांची जोडणी एका साध्या तत्त्वावर होते. तापनियंत्रक, उच्च-मर्यादा स्विच, कमी-पाणी स्विच, हवादाब स्विच आणि ज्योत-नियंत्रक हे एका ओळीत, साखळीच्या कड्यांप्रमाणे जोडले जातात. साखळीच्या शेवटी इंधनाची विद्युत-झडप किंवा तापकाचा कॉन्टॅक्टर असतो. प्रवाह सर्व कड्यांतून गेला तरच झडप उघडी राहते. एक कडी तुटली, तार निसटली किंवा वीजच गेली तरी झडप बंद होते. बिघाड झाल्यास यंत्र थांबावे, चालू राहू नये, हे या रचनेमागील सूत्र आहे. बंबाच्या मोकळ्या तोंडाने जे काम केले, ते आता ही साखळी करते.

परंतु ही सुरक्षितता जोडणीच्या तपशिलांवर अवलंबून असते. त्यांपैकी तीन येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पहिला तपशील साखळीच्या बाजूचा. सर्व सुरक्षा-स्विच फेजच्या तारेत असावेत आणि झडपेचे वेटोळे थेट न्यूट्रलला जोडलेले असावे. स्विच न्यूट्रलच्या बाजूला गेला आणि वेटोळे व स्विच यांच्या मधली तार कोठे धातूला टेकली, तर प्रवाहाला जमिनीतून वाट मिळते. मग स्विच उघडला तरी झडप उघडीच राहते. फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाल्यासही हाच धोका उद्भवतो. एरवी यंत्र अगदी सुरळीत चालते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

दुसरा तपशील कॉन्टॅक्टरचा. विजेच्या मोठ्या जलतापकात तापनियंत्रक आणि उच्च-मर्यादा स्विच हे दोन्ही एकाच कॉन्टॅक्टरचे वेटोळे तोडत असतील, तर पहारेकरी दोन असूनही दार एकच राहते. त्या कॉन्टॅक्टरचे टोक ठिणगीने चिकटले की दोन्ही पहारेकऱ्यांचा हुकूम व्यर्थ जातो. म्हणून उच्च-मर्यादा स्विचसाठी स्वतंत्र कॉन्टॅक्टर आणि हाताने पूर्ववत करावे लागणारे बटण असणे इष्ट होय.

तिसरा तपशील रंगांचा, आणि तो इतिहासाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. ब्रिटिश परंपरेतून आलेल्या भारतीय प्रथेत तीन फेजसाठी लाल, पिवळा आणि निळा, तर न्यूट्रलसाठी काळा रंग वापरला जात असे. युरोपीय संकेतानुसार निळा रंग न्यूट्रलचा असतो. त्यामुळे युरोपातून आलेला बर्नर आणि भारतात तयार झालेले पॅनेल एकत्र येतात तेव्हा एकच निळी तार एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल समजली जाण्याची शक्यता असते. ब्रिटनने स्वतः २००४ ते २००६ या काळात युरोपीय रंग स्वीकारले. भारतातील जुन्या इमारतींत मात्र पूर्वीचे रंग कायम राहिले. वसाहतकालीन वारसा असा तारेच्या वेष्टनातही टिकून राहतो.

पेण-रोहे परिसर : वीज आली, पण कोठे?

तत्कालीन कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्याचा विजेशी संबंध फार जुना आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पाण्याच्या बळावर टाटा समूहाने १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू केली. भिऱ्याहून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेतून रोह्याकडे येते. परंतु ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. कोळशावर चालणारी गिरण्यांची वाफयंत्रे बदलणे हा तिचा हेतू होता. कुलाब्यात निर्माण झालेल्या विजेने मुंबईची वाफयंत्रे थांबविली, आणि कुलाब्यातील घरांत मात्र बंब पेटत राहिले. गिरण्यांतील बाष्पकेही पूर्णतः गेली नाहीत. यंत्रे फिरविण्याचे काम विजेने घेतले, तरी सुताला खळ देणे, रंगकाम आणि सुकविणे यांसाठी वाफ लागतच होती.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर चित्र बदलू लागले. रोह्यालगत धाटाव येथे रासायनिक उद्योगांची वसाहत उभी राहिली. रसायन उद्योगात वाफ ही कच्च्या मालाइतकीच रोजची गरज असते. अशा मध्यम व लहान कारखान्यांसाठी नळीबंद, तेलावर चालणारी आटोपशीर बाष्पके याच काळात देशात तयार होऊ लागली. वॅन्सन इंडिया ही कंपनी १९६६ मध्ये बेल्जियमच्या सहकार्याने स्थापन झाली. तीच १९८० पासून थरमॅक्स या नावाने ओळखली जाते. अशा बाष्पकांत पाण्याचा साठा थोडा असल्याने पाणी संपण्यास फारसा अवधी लागत नाही. माणसाचा डोळा तेथे पुरा पडत नाही. पहारा विद्युत साखळीलाच द्यावा लागतो.

१९८० च्या दशकात आपट्यापासून रोह्यापर्यंत लोहमार्ग आला आणि निडीसारखी गावे रेल्वेच्या नकाशावर आली. त्याच सुमारास मुंबई हायच्या वायूवर आधारित इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचे संकुल नागोठण्यास उभे राहिले. ही कंपनी २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. लोहमार्ग आणि महामार्ग यांच्याबरोबर कारखान्यांखेरीज दुसरेही एक जग वाढले : हॉटेले, मंगल कार्यालये, रुग्णालये, वसतिगृहे. या सर्वांना वाफ नको असते, मुबलक गरम पाणी हवे असते. आणि येथेच प्रश्नाचे खरे स्वरूप समोर येते.

दोन कायद्यांच्या मधली जागा

घरगुती विजेच्या साठवण-जलतापकासाठी भारतीय मानक २०८२ आहे. वाफेच्या बाष्पकासाठी बाष्पक अधिनियम आहे. कारखान्यातील दाबाखालील यंत्रांसाठी १९४८ च्या कारखाना अधिनियमात तरतूद होती. परंतु वसतिगृहाच्या गच्चीवरील किंवा हॉटेलच्या मागील खोलीतील हजार-दोन हजार लिटरचा जलतापक वाफेचा नसल्याने बाष्पक कायद्याच्या बाहेर राहतो आणि कारखान्यात नसल्याने कारखाना कायद्याच्याही बाहेर राहतो. पाणी शंभर अंशांखाली राहील, या गृहीतावर त्याला मोकळीक मिळते. ते गृहीत खरे ठरविण्याचे काम मात्र नियंत्रक तारेचे असते. ज्या साधनामुळे सूट मिळते, त्या साधनाची तपासणी होत नाही, असा हा विरोधाभास आहे.

हीच फट श्रमविभागणीतही दिसते. बाष्पक परिचराला बाष्पक कायद्याखालील प्रमाणपत्र लागते. तारतंत्री आणि विद्युत ठेकेदार यांना विद्युत नियमांखालील परवाना लागतो. परिचराला पाणी आणि दाब कळतो, पण पॅनेलचे दार तो उघडत नाही. तारतंत्री पॅनेल उघडतो, पण कमी-पाणी स्विच कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. स्विच वारंवार ‘ट्रिप’ होऊ लागला आणि आंघोळीच्या वेळी पाणी थंड पडले, की तक्रार तारतंत्र्याकडे जाते. तो दोन टोकांमध्ये ‘जम्पर’ टाकतो आणि यंत्र पूर्ववत चालू लागते. हे कृत्य हेतुपुरस्सर दुष्टपणाचे नसते. बहुधा ते कार्यतत्परतेचेच मानले जाते. परंतु त्याचा अर्थ १९२३ च्या कायद्याने अपराध ठरविलेल्या, झडपेवर वजन टांगण्याच्या कृत्याहून वेगळा नाही.

भाषेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. शासकीय परिभाषेत ‘बाष्पक’, ‘परिचर’, ‘तारतंत्री’ हे शब्द रूढ झाले. पॅनेलच्या दारामागे चिकटविलेला जोडणी-नकाशा मात्र इंग्रजीतच राहिला. काम करणारा माणूस ‘फेज’, ‘लूप’, ‘जम्पर’, ‘ट्रिप’ या शब्दांत विचार करतो. हे शब्द आता मराठीच झाले आहेत आणि त्यांविषयी खंत बाळगण्याचे कारण नाही. अडचण शब्दांची नसून कारणमीमांसेची आहे. कोणती कडी कशासाठी आहे आणि ती वगळल्यास काय होईल, हे सांगणारा चार ओळींचा मराठी मजकूर त्या नकाशाशेजारी नसतो.

शब्दांच्या सैलपणाचा परिणाम अपघाताच्या नोंदींवरही होतो. डोंबिवली येथे २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला, तेव्हा आरंभीच्या वृत्तांत तो ‘बॉयलरचा स्फोट’ म्हणून नोंदविला गेला. पुढे तो रिअॅक्टरचा असल्याचे समोर आले. प्रत्येक बंद पात्राला बॉयलर म्हटले, की कोणत्या यंत्रणेचा पहारा चुकला हा प्रश्नच विचारला जात नाही. भावी इतिहासकाराला अशा नोंदींचा उपयोग सावधपणेच करावा लागेल.

निष्कर्ष

१) बाष्पकाच्या सुरक्षेचा इतिहास हा पहारा माणसाच्या डोळ्यांकडून यांत्रिक साधनांकडे आणि तेथून विद्युत साखळीकडे सोपविला जाण्याचा इतिहास आहे. प्रत्येक टप्प्यावर पहारेकऱ्याला निकामी करण्याची युक्तीही त्याच्याबरोबर बदलत गेली.

२) भारतीय कायद्याचा पाया लोखंड आणि दाब यांवर उभा राहिला. वाफ न करणारे मोठे जलतापक त्यामुळे कायद्यांच्या मधल्या जागेत राहिले.

३) पेण-रोहे परिसरात बंबापासून वायुचलित बाष्पकापर्यंतचे स्थित्यंतर अल्पावधीत घडले. साधने झपाट्याने आली. ती समजून घेणारे आणि समजावून सांगणारे शिक्षण त्या वेगाने आले नाही.

४) पॅनेलच्या दारामागील जोडणी-नकाशा हा इतिहासाचा अस्सल कागद आहे. त्यावरील हाताने केलेल्या दुरुस्त्या, बदललेले क्रमांक आणि वगळलेल्या कड्या यांतून त्या यंत्राचे आणि ते चालविणाऱ्या माणसांचे चरित्र वाचता येते. यंत्र भंगारात जाताना हे कागदही जातात. ते जपले पाहिजेत.

५) महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि उपाहारगृहांत असे जलतापक आहेत. त्यांची सुटका-झडप मोकळी आहे काय, उच्च-मर्यादा स्विच उघडल्यावर तापक खरोखर बंद पडतो काय आणि साखळीत कोठे जम्पर आहे काय, या तीन गोष्टी परवानाधारक तंत्रज्ञाकडून दरवर्षी तपासून घेऊन तिची लेखी नोंद ठेवणे कोणत्याही संस्थेस शक्य आहे. बाष्पकविषयक कायदे आजवर अपघातांच्या पाठोपाठ आले. संस्थेच्या नोंदवहीने त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही.